काठावर माणूस दिसेतोवर

"काठावर एक जरी माणूस दिसतंय, तवर लाँच हालणार न्हाई!"

हा आवाज नाथाजी तांडेलांचा. मी तेव्हा सहा वर्षांची. कोयना धरणाच्या फुगवट्यावर त्यांची सागवानी लाँच काठाला लागलेली असायची, इंजिन धडधडत, आणि आत आम्ही दाटीवाटीनं. कोंबड्यांची डालगी, तांदळाची पोती, साताऱ्याच्या दवाखान्यातून परत निघालेला कुणी म्हातारा, आणि माहेराला निघालेली माझी आई. टेकाडावरून डोक्यावर गाठोडं घेऊन एखादी बाई धावत उतरताना दिसायची, मुंगीएवढी. लोक कुरकुरायचे, "आवं तांडेल, ती यायची कवा आन् आमी पोचायचं कवा?" मग तांडेल सुकाणूवरचा हात काढून कमरेवर ठेवायचे आणि ते वाक्य समोरच्या डोंगराला ऐकू जाईल असं ओरडायचे. बाई येईपर्यंत लाँच खरंच हलायची नाही.

आई मला चिमटा काढून म्हणायची, "ऐकलंस, शिवा? आशी मानसं असत्यात जगात."

असतात. पाहिजेत तेव्हा नसतात.

आईचं, राहीबाईचं, गाव धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. माणसं वर डोंगराला सरकली, घरं खाली राहिली. भाकरी थापताना ती गुणगुणायची,

*बुडालं माझं गाव, वर पाणी आरशावाणी*
*जात्याच्या पाळीवर मासुळी गाते गाणी*

आणि आमचं गाव सांगलीच्या खाली, कृष्णाकाठी. कोयनेचं पाणी कऱ्हाडात कृष्णेला मिळतं आणि आमच्या दारावरून पुढं जातं. त्यावर तिची दुसरी ओवी होती,

*म्हायेरचं पाणी, बाई, सांगलीला येतं*
*उंबऱ्याला टेकून लेकीचं नाव घेतं*

दोन हजार एकोणीस साली ते पाणी उंबऱ्याला टेकून थांबलं नाही.

माझे वडील दादासो. आम्ही त्यांना आबा म्हणतो. फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेले. दोन हजार पाचच्या पुरात घरात पाणी आलं, तेव्हा पाणी ओसरल्यावर त्यांनी सोप्याच्या भिंतीवर पाणी चढलं होतं तिथं लाल ऑइलपेंटनं पट्टी ओढली. फौजी माणूस, पट्टी सुतात सरळ. मग घर पाडून जोतं उचललं, त्या पट्टीच्या वर दोन फूट. जुन्या भिंतीचा पट्टीवाला तेवढा तुकडा मुद्दाम अंगणात उभा ठेवला. कुणी पुराची भीती घातली की आबा त्या तुकड्याकडं बोट करायचे, "पाच सालाच्या पट्टीच्या वर पानी जात न्हाई." सगळं गाव तेच म्हणायचं. आमच्याकडं पाण्याचं पंचांग म्हणजे पाच साल.

एकोणीसच्या त्या आठवड्यात मी कामाच्या जागी, कुपवाडला अडकले होते. सगळे रस्ते बंद. चौथ्या दिवशी पाणी पट्टी बुडवून जोत्यावर चढलं. आई म्हशींची दावी सोडायला गोठ्यात गेली आणि गोठ्याची भिंत बसली. आबांना दुपारी पत्र्यावरून उतरवलं. आई दोन दिवसांनी सापडली, उसाच्या फडात.

आष्ट्याच्या एका शाळेत छावणी होती. तिथं मी आबांना एकच विचारलं, "दुपारच्या आधी तुमच्याकडं नाव आली न्हवती?"

आबा फळ्याकडं बघत म्हणाले, "न्हाई आली."

त्या दोन शब्दांवर माझं इंजिन सहा वर्षं चाललं.

*

मी कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत डिझेल इंजिनं दुरुस्त करते. इथल्या पुरुषांना वर्षभर हसू येत होतं, मग त्यांच्याच गाड्या बंद पडायला लागल्या आणि हसू थांबलं. राग माझ्या हाताला नवा नाही. पण छावणीनंतरचा राग वेगळा होता. मदतीच्या पोत्यांवर स्वतःचे फोटो छापून आणणाऱ्यांचा राग. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून बातमी देणाऱ्यांचा राग. 'नाव आली नाही' हे कुणापुढं बोलले की "आवं, देवाची इच्छा" म्हणणाऱ्यांचा तर सगळ्यात जास्त.

आईची रक्षा थोडी राखून ठेवली होती. ती तिच्या माहेरच्या पाण्यात सोडायला मी कोयनेला गेले. पाणी उतरलेलं होतं. काठाच्या चिखलात नाथाजींची लाँच आडवी पडलेली, आत दोन शेळ्या बसलेल्या. तांडेल जाऊन दहा वर्षं झाली होती. धरण झालं त्या काळात रत्नागिरीकडच्या सुतारांनी काठावरच बांधलेली ती लाँच. बावीस फूट, साग, तांब्याचे रिबिट, पोटात दोन सिलेंडरचं इंजिन. मी चिखलात गुडघे टेकून फळीला नख लावलं. वरचा पापुद्रा निघाला आणि खाली लाकूड पिवळंधमक, जिवंत.

तिथंच ठरलं. ही लाँच आमच्या गावाच्या घाटाला बांधायची. पुढचा पूर येईल तेव्हा कुणाच्या नावेची वाट बघायची नाही. काठावर माणूस दिसेतोवर हलायचं नाही.

तांडेलांच्या सुनेनं जळणाच्या भावात दिली. उसाच्या ट्रकवर घालून मी ती हायवेनं खाली आणली. कऱ्हाडला चहाला थांबलो तर एकानं विचारलं, "ताई, कुठल्या मंडळाचा देखावा?" मी म्हटलं, "जिवंत मानसांचा." तो बिचारा चहा तसाच ठेवून गेला.

शेड दिली भरतेशनं. भरतेश कुपवाडमध्येच ट्रॉल्यांचे साटे, म्हणजे लोखंडी सांगाडे, आणि अ‍ॅक्सल बनवतो. जैन, मऊ बोलणारा. त्याच्या शेडच्या मागच्या कोपऱ्यात लाँच ठेवली. अटी दोन. सूर्य मावळायच्या आत शेडला कुलूप, कारण त्याला उजेडात जेवायचं असतं. आणि दुसरी, "ताई, ते फटीत काय भरतायसा? लाख न्हवं न्हवं? लाख किड्याची आसती."

"राळ हाय. झाडाची."

"मग भरा."

त्यामुळं माझं काम दिवसाउजेडीच. दुपारपर्यंत लोकांची इंजिनं, तीनपासून कुलूप पडेपर्यंत लाँच. रविवार पूर्ण. कुजलेल्या अकरा फळ्या काढून नव्या बसवल्या. फासळ्या वाफेवर वाकवायला शिकले. तीन मोडल्या, चौथी वाकली. फळ्यांच्या फटीत तेल-राळेत भिजवलेलं सूत छिन्नीनं ठासायचं असतं. ते सूत साळूबाईंनी दिलं. साळूबाई माधवनगरच्या. जन्म सूतगिरणीत गेला, गिरणी बंद पडली पण बोटं बंद पडली नाहीत. शेडच्या दारात बसून मांडीवर सुताला पीळ द्यायच्या आणि मला शिव्या.

"बाये, आशी ठोकतीस का सासू मारतीस? सूत बशिव, मारू नगं."

"मला सासू न्हाई, साळूआज्जी."

"म्हनूनच नावंला मारतीयास."

आणि एक काम रोजचं, चुकवायचं नाही असं. लाकूड वाळू द्यायचं नाही. कुपवाडचा उन्हाळा पत्र्याखाली माणसाला भाजतो, तिथं फळी काय टिकणार? सुकली की आखडते, आखडली की ठासलेलं सूत गळून पडतं आणि वर्षाचं काम फुकट. म्हणून सगळ्या लाँचवर गोणपाटं पांघरायची आणि सकाळ-दुपार भिजवायची. तान्ह्या पोरासारखं ओलं ठेवायचं.

आबा माझ्याजवळ कुपवाडला राहायचे. एका कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीला. पुरानंतर ते नदीकडं गेले नाहीत. लाँचकडंही बघितलं नाही. पहिल्या दिवशी शेडच्या दारापर्यंत आले, आत डोकावले आणि तोंडाला रुमाल लावून परत फिरले. मला वाटलं, वास सोसला नाही. मग वाटलं, बायकोचं काही वाटत नाही या माणसाला. मग हे वाटणं घट्ट झालं, राळेसारखं.

एकवीस साली पुन्हा पाणी आलं, तेव्हा लाँच म्हणजे नुसता सांगाडा होती. गावात पाणी, मी शेडमध्ये फासळ्यांमध्ये बसलेली, हातात हातोडा, आणि काही करता येत नव्हतं. त्या दिवशी मी सांगाड्याला लाथ मारली आणि अंगठ्याचं नख गेलं. भरतेशनं हळद आणून दिली. आणि परत ट्रॉलीच्या कामाला लागला. शहाणा माणूस.

*

मोह आले नाहीत असं नाही. मोहाला पत्ता बरोबर सापडतो.

पहिला भरतेशचाच. "ताई, ऊसतोडणीच्या मशिनी आल्यात. सर्व्हिसिंगचं वर्षाचं काम मिळतंय. पण पूर्ण दिवस द्यावा लागंल. लाँच काय, कुठं पळत न्हाई."

"पानी पळत येतंय त्याचं काय?"



दुसरा जयराज. माझा मामेभाऊ. कोयनेच्या काठावर, आईच्या माहेरच्या उरलेल्या जमिनीवर त्यानं रिसॉर्ट बांधलाय. तंबू, बार्बेक्यू, पाण्याकडं तोंड करून पांढऱ्या खुर्च्या. गेल्या मार्चमध्ये पांढऱ्या गाडीतून आला, गॉगल डोक्यावर.

"शिवे, काय केलंयस गं हे! फस्क्लास! ही आपल्याला दे. लॉनवर ठेवू. आत कॉफीचा काउंटर, वर लायटिंग. आन् नाव काय माहितीय? 'राहीचं माहेर'. आत्याच्या आठवणीसाठी."

माझ्या हातात पाना होता. मी तो हळूच खाली ठेवला, कारण ठेवला नसता तर सुटला असता.

"जयराज, आत्या गेली तवा तू कुठं हुतास?"

"आगं, रस्ते बंद हुते—"

"आन् आता कॉफी उघडली. निघ."

पण तो निघण्याआधी म्हणाला, "बरं, लाँच नगं दिऊस. एक काम हाय. पुण्याचे एक साहेब माझ्याकडं उतरत्यात. त्यांची जुनी मिलिट्रीची जीप हाय, बंद पडलेली. तुझ्याशिवाय कुनाला जमायची न्हाई."

आणि इथं मी पडले. खरं सांगते. ती जीप ट्रकवरून उतरली, मी बॉनेट उघडलं, आणि मला सहा वर्षांत पहिल्यांदा मजा आली. लाँचचं काम म्हणजे रोजची भाकरी. कौतुक नाही, अंत नाही, आणि प्रत्येक फळीच्या मागं आई. जीपच्या मागं कुणी मेलेलं नव्हतं. तिचं कार्बोरेटर हातात घेतलं की मी नुसती मेकॅनिक होते, कुणाची लेक नव्हते. एप्रिलचे तीन आठवडे मी साताऱ्याला जयराजच्या मित्राच्या गॅरेजमध्ये राहिले. जीप सुरू झाली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांनी फोटो काढले. "अजून दोन गाड्या आहेत," साहेब म्हणाले. मी हो म्हणणार होते. तोंडात 'हो'चा आकार झालाही होता.

तेवढ्यात गॅरेजवाल्यानं उन्हात तापलेल्या ट्रकवर बादलीभर पाणी ओतलं आणि ते चर्रकन वाफ होऊन गेलं.

गोणपाटं.

तीन आठवडे. एप्रिल. पत्र्याखाली.

मी तशीच एस्टी पकडली. कऱ्हाड, पेठ, आष्टा, सगळ्या वाटेनं स्वतःला शिव्या घालत होते, आईच्या भाषेत, आईच्या आवाजात. मांडीवर चिमटे काढत होते. सूत गळून पडलं असणार. फळ्या फाटल्या असणार. जूनच्या आत पुन्हा ठासणं शक्य नाही. एक पावसाळा गेला, आणि या पावसाळ्यात पूर आला तर?

शेडमध्ये शिरले तेव्हा दुपारचे दोन. पत्रा तडतडत होता. मी धावत जाऊन गोणपाटाला हात लावला.

ओलं होतं. गार, नुकतं भिजवलेलं. खाली फळी फुगून शेजारच्या फळीला गाल लावून बसलेली.

"भरतेश," मी तिथूनच हाक मारली, "लय उपकार झाले, दादा."

"मी न्हाई ओ ताई. मला कुठं येळ?"

दारातून साळूबाई म्हणाल्या, "तुझा आबा येतोय की. रोज. दुपारच्या सुट्टीत सायकलीवर. तीन आठवडं काय, वरीस झालं आसंल. तुझी गोनपाटं तीनपतूर वली ऱ्हात्यात ती काय आभाळ भिजिवतं व्हय?"

मला आनंद व्हायला पाहिजे होता. झाला नाही. डोकं फिरलं. जो माणूस या लाँचकडं बघत नाही, जो आईचं नाव काढलं की ताट सोडून उठतो, तो माझ्या पाठीमागं चोरासारखा येऊन पाणी घालतो? मला हे दान वाटलं. आणि मला दान नको होतं.

संध्याकाळी आबा ड्रेस उतरवून खाटेवर बसले होते. मी दारातूनच सुरू केलं.

"तुमी गोनपाटं भिजवता?"

"लाकूड वाळतंय," आबा म्हणाले.

"सहा वर्सं एक शब्द न्हाई. एक खिळा हातात दिला न्हाई. आन् चोरून पानी घालता? कशाला? पुण्य लागतंय का?"

आबांनी दोन्ही हात गुडघ्यावर ठेवले. परेडला बसल्यासारखे. "शिवा, त्या दिशी—"

"म्हाईत हाय मला! नाव आली न्हाई! पाठ झालंय! आता नगा सांगू. मी आनते नाव. मी आनते, तुमी नुसतं बघा."

  आबा उठून न्हाणीत गेले आणि नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला.

दुसऱ्या दिवशी साहेबांना फोन करून सांगितलं, गाड्या जमणार नाहीत. जयराज चिडला, "लाकडात डोकं घालून मर!" म्हणाला. मी म्हटलं, "मरते, पन माझ्या लाकडात."

*

जूनच्या पहिल्या आठवड्यात लाँच गावच्या घाटावर नेली. नदी अजून शांत होती, पण वरच्या अंगाला ढग बसले होते. क्रेननं उचलली तेव्हा सगळं गाव जमा. साळूबाई ओटी घेऊन आल्या होत्या. खण, नारळ, हिरव्या बांगड्या.

"नदीची वटी भर, बाये. मग सोड."

"तिची वटी? जी माझी आई घेऊन गेली तिला बांगड्या?"

"नदीनं न्हाई नेली. नदी तुझ्या आजोळची हाय, पाव्हनी म्हनून आली. पाव्हनीला बसाय जागा किती ठिवायची ते मानसानं बघायचं आसतंय."

मी ओटी भरली. रागानंच. नारळ इतक्या जोरात फोडला की अर्धी कवड नदीत उडाली.

लाँच पाण्याला टेकली. तरंगली. लोकांनी शिट्ट्या मारल्या. आणि पाच मिनिटांत आत पाणी यायला लागलं. सगळ्या फटींतून, बारीक बारीक, शंभर झरे. घोट्यापर्यंत चढलं.

"आवं, ही नाव हाय का झारी?" कुणीतरी ओरडलं.

"ताई, आत मासं सोडा! टँक झालाय!"

"सहा वर्सं लावली आन् सहा मिन्टात बुडाली की!"

जयराजही आला होता, न बोलावता. "आजूनबी सांगतो, लॉनवर चांगली दिसंल," तो म्हणाला. "कोरडी."

मी त्या सगळ्यांवर ओरडले. काय ओरडले ते लिहिण्यासारखं नाही. मग परकर-पातळाच्या बायकाही मागं सरकल्या आणि घाट मोकळा झाला.

मला माहीत होतं. नाथाजी तांडेल दरसाली दुरुस्तीनंतर लाँच उथळ पाण्यात दोन दिवस ठेवायचे, आणि कुणी हसलं की म्हणायचे, तहानलेल्याला आधी पिऊ द्यावं, मग कामाला लावावं. लाकूड किती ओलं ठेवलं तरी ओलं गोणपाट वेगळं आणि नदी वेगळी. ते पिणार, फुगणार, आणि मग फटी आपोआप मिटणार. मिटल्या तर. दोन दिवस ती बुडू द्यायची नाही, एवढंच माझ्या हातात.

मी घाटाच्या कड्याला दोर बांधला, आत उतरले आणि बादलीनं पाणी उपसायला लागले. भरतेशही पँट दुमडून उतरला. सूर्य कलल्यावर घड्याळाकडं बघून ओशाळला, "ताई, जेवायचं…" मी म्हटलं, "जा दादा, तुजा देव माज्यावर चिडंल." तो गेला. साळूबाईंनी भाकरी-पिठलं दिलं, ते मी उभ्यानं खाल्लं. शंभर बादल्यांपर्यंत मोजलं, मग मोजणं सोडलं. मोजायला आईच्या ओव्या घेतल्या. एक ओवी, एक बादली.

दुसऱ्या दिवशी सकाळी झरे कमी झाले. दुपारी मी एका फटीवर तळवा ठेवला. कोरडी नव्हती, पण वाहत नव्हती. फळी फळीला भिडली होती. मी बादली टाकून खाली बसले. अर्ध्या तासात आत वाटीभर पाणी. हँडल मारलं, दुसऱ्या फेऱ्याला इंजिननं खोकला काढला आणि मग तो आवाज, धड-धड-धड-धड, सहा वर्षांच्या मुलीच्या कानातला.

मला रडू आलं नाही. मला आणखी राग आला. हे इतकं सोपं होतं. सूत, राळ, पाणी, आणि थोडं थांबणं. एवढं त्या दिवशी एकालाही जमलं नाही?

वर पाहिलं तर घाटाच्या पायऱ्यांवर आबा. सिक्युरिटीच्या निळ्या ड्रेसमध्ये. हातात घरची पत्र्याची बादली. सहा वर्षांत पहिल्यांदा नदीवर. एकेक पायरी उतरत होते, जणू प्रत्येक पायरीला विचारून.

"उपसून झालं," मी इंजिनच्या आवाजावर ओरडले. "उशीर झाला तुमाला. नेमीवानी."

आबा शेवटच्या पायरीवर आले. बादली खाली ठेवली. लाँचच्या कडेला हात लावला, फळीवरून फिरवला, ज्या फळ्या ते वर्षभर भिजवत होते त्यांच्यावरून. मग उजवा पाय उचलून आत टाकला.

आणि थांबले. एक पाय लाँचमध्ये, एक पायरीवर. लाँच लाटेबरोबर हलत होती, त्यांचा पाय मागंपुढं होत होता, पण ते आत येईनात की मागं जाईनात. चेहरा मातीसारखा.

"आबा, या आत. न्हायतर पाय काढा."

ते आपल्या पायाकडं बघत राहिले.

"येताय का न्हाई? का हितंबी नुसतं बघनार हाय?"

"शिवा," आबा म्हणाले. "इंजान बंद कर."

त्यांचा आवाज असा होता की मी बंद केलं. नदी ऐकू यायला लागली.

"नाव आलती."

मी इंजिनवरचा हात काढला.

"सकाळची येळ. रबराची नाव. दोन पोरं हुती, कुठली कुनास ठावं. पानी पट्टीच्या खाली ईतभर हुतं. पोरगं म्हनलं, मावशी, बसा. तुझी आई बसाय निघाली. आशीच." त्यांनी मान खाली घातली. "एक पाय आत, एक आपल्या पायरीव. काखंला गाठुडं. हासत हुती. म्हनली, आमच्या तांडेलागत आल्यात बगा पोरं."

लाटेनं लाँच पुढं ओढली. आबांचा पाय ताणला गेला, पण त्यांनी काढला नाही.

"मी म्हनलं, उतर. आपलं जोतं पट्टीच्या वर हाय. म्हशी दाव्याला हायत्या. फौजीची बायकू जनावरं टाकून पळाली म्हनत्याल लोकं. ती उतरली. गाठुडं खाली ठिवलं आन् उतरली."

"आन् ती पोरं?" मी विचारलं. "गेली?"

"न्हाई." आबांनी पहिल्यांदा वर पाहिलं, थेट माझ्या डोळ्यांत. "ती पोरं थांबली, शिवा. तीनदा म्हनली, मावशीला न्हेतो, मावशीला न्हेतो. काठावर मानूस दिसत हुतं, म्हनून त्यांची नाव हालतच न्हवती. मी ढकलली. ह्या हातानं. पायरीव हुबं ऱ्हाऊन मी ती नाव ढकलून दिली."